आठ नंबरचे गेट

मुंबई विमानतळाला कालिन्याच्या बाजूने एक दार आहे. विमान पकडायला निघालेली बहुतेक माणसे आयुष्यात कधी या दारापाशी येत नाहीत. रिक्षावाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ म्हटले तर तो टी-टू की टी-वन एवढेच विचारतो. इथे यायचे तर ‘कालिना, आठ नंबर गेट’ असे सांगावे लागते. मुंबई विद्यापीठाचा परिसर मागे टाकून आत वळले की सुरक्षा दलाच्या जवानांची चौकी आणि बेताच्या उंचीची एक इमारत दिसते. गर्दी असलीच तर ती फोटोग्राफरांची. पुठ्ठ्याच्या कपात चहा घेत ते गाड्यांच्या काचांकडे डोळे लावून उभे असतात. चित्रपटातली माणसे याच दाराने ये-जा करतात.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘घाई’. चार्टर विमान ही पैसे मोजून घेतलेली घाई. तिच्या पोटात नेमके काय असते ते पाहायचे म्हणून मी या दाराशी पोचले. एका ऑपरेटरकडे ग्राउंड हँडलिंगचे काम करणाऱ्या गृहस्थांनी रीतसर पास काढून दिला. तो इमारतीपुरताच होता. विमाने उभी असतात त्या एप्रनवर मला जाता येणार नव्हते, आणि ते योग्यच होते. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचा परवाना लागतो.

आत गेल्यावर

आत शिरताच पहिली जाणीव होते ती आवाजाची. उद्घोषणा नाहीत, ट्रॉल्यांचा खडखडाट नाही. सोफे, कॉफीचे मशीन, एका कोपऱ्यात काचेचे दालन. उड्डाणांचा मोठा फलक नाही, कारण विमान तुमची वाट पाहत असते आणि ते कुठे चालले आहे हे तुम्हीच ठरवलेले असते. ठळक फ्लाइट नंबरही नसतो. इथले लोक विमानाला त्याच्या नोंदणीच्या शेवटच्या तीन अक्षरांनी ओळखतात. वॉकी-टॉकीवर दिवसभर तीच अक्षरे ऐकू येतात : अमुक उतरले, तमुकचे इंधन भरून झाले, अमक्याचे पॅक्स गेटवर आले. ‘पॅक्स’ म्हणजे प्रवासी. मालक असो, मंत्री असो वा पेशंट, हँडलरच्या बोलण्यात सगळे पॅक्सच.

खासगी टर्मिनलवर तपासणी होत नाही, गाडी थेट विमानाच्या शिडीपर्यंत जाते, असा एक समज आहे. परदेशातल्या काही विमानतळांवर गाडी शिडीपर्यंत जातेही. मुंबईत मात्र प्रवाशांची नावे आधी पाठवावी लागतात. गेटवर ओळखपत्र त्या यादीशी ताडून पाहिले जाते. नाव यादीत नसेल तर माणूस कितीही मोठा असो, यादी सुधारून येईपर्यंत तो बाहेर थांबतो. मग सामान एक्स-रे मशीनमधून जाते, माणूस धातुशोधक चौकटीतून, आणि सीआयएसएफचे जवान अंगझडती घेतात. लायटर आणि काड्यापेटी इथेही चालत नाही. परदेशी जायचे असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्स आहेतच. फरक एवढाच की तुमच्या पुढे रांगेत दोनशे माणसे नसतात. प्रवासी उड्डाणाआधी अर्धा-पाऊण तास पोचले तरी काम भागते. तपासणी झाली की छोटी गाडी शिडीपर्यंत सोडते, आणि शिडीच्या पायथ्याशी कॅप्टन स्वतः उभा असतो.

प्रवाशांचा अर्धा तास सुकर व्हावा म्हणून हँडलरची माणसे आदल्या संध्याकाळपासून कामाला लागलेली असतात. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. विमानतळाकडून उतरण्या-उडण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, मिळवायचा. पलीकडच्या विमानतळावर पार्किंगला जागा आहे का ते विचारायचे. फ्लाइट प्लॅन भरायचा. हवाई दलाकडून एडीसी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक घ्यायचा, कारण आकाशात कोण कुठे आहे हे देशाच्या हवाई संरक्षणाला ठाऊक असलेच पाहिजे. कुठली धावपट्टी कधी बंद आहे हे सांगणाऱ्या ‘नोटॅम’ सूचना वाचायच्या. इंधनाचा बाउझर सांगून ठेवायचा. जेवणाचे डबे मागवायचे, आणि त्यांचीही तपासणी होणार हे धरून ते वेळेआधी आणायचे. वैमानिकांनी दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी श्वासचाचणी द्यायची. या साखळीतली एक कडी निसटली की शिडीपाशी उभ्या असलेल्या चकचकीत विमानाचा काही उपयोग नाही.

मी बसले होते तेवढ्या वेळात एका हँडलरच्या फोनवर चाललेला सगळा संवाद स्लॉटबद्दल होता. “साहेब अजून वांद्र्याला आहेत,” पलीकडून कोणी पीए सांगत होता. “त्यांना म्हणावं, वीस मिनिटांत नाही आले तर पुढचा स्लॉट मागावा लागेल,” हँडलर म्हणाला. आवाज अगदी शांत. त्याने हे वाक्य या आठवड्यात किती वेळा उच्चारले असेल कोण जाणे.

तासाचा भाव

मुंबईची खरी अडचण जागेची आहे. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकच वापरात असते. एवढ्यावर दिवसाला नऊशेच्या आसपास विमाने उतरतात आणि उडतात. आठ जणांना घेऊन येणारे छोटे जेटही धावपट्टीवर जवळपास तेवढाच वेळ अडवते जेवढा एकशे ऐंशी जणांचे एअरबस. म्हणून गर्दीच्या तासांत खासगी विमानांना मुंबईत मज्जाव असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने वेळापत्रकातील गर्दी कमी करण्याचे आदेश दिले तेव्हा हे बंदीचे तास दिवसाला चारवरून आठ झाले. सकाळची मीटिंग गाठायला आणि संध्याकाळी घरी परतायला ज्या वेळा सोयीच्या, त्याच नेमक्या बंद. कोट्यवधींचे विमान दारात असूनही मालकाला सकाळच्या साध्या विमानाचे तिकीट काढावे लागते, असे इथे घडते. मला हा नियम न्याय्य वाटतो. धावपट्टी सार्वजनिक आहे आणि तिच्यावर पहिला हक्क जास्त माणसे वाहून नेणाऱ्याचा.

दुसरी टंचाई पार्किंगची. प्रवाशांना सोडल्यावर विमानाला मुंबईत उभे राहायला जागा मिळेलच असे नाही. मग ते रिकामेच उडून अहमदाबादला, छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला जाऊन थांबते आणि परतीच्या वेळी पुन्हा रिकामेच येते. या रिकाम्या फेऱ्यांचे पैसे चार्टर घेणाराच देतो. कोटेशन पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो तो इथेच. आपण एका दिशेचा प्रवास मागितला, बिल मात्र तीन फेऱ्यांचे. दर सीटवर लागत नाही, विमानाच्या तासावर लागतो. एकटे जा किंवा सहा जण जा, आकडा तोच. दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉपचा तास लाखाच्या पुढे आणि जेटचा दोन-तीन लाखांपासून वर. बहुतेक ऑपरेटर दिवसाला किमान दोन तासांचे बिल लावतात. त्यावर विमानतळाचे शुल्क, हँडलिंग, वैमानिकांचा रात्रीचा मुक्काम आणि जीएसटी.

रिकाम्या फेरीला धंद्यात ‘एम्प्टी लेग’ म्हणतात आणि ती कधीकधी बऱ्याच कमी दरात मिळते. अट एवढीच की दिवस, वेळ आणि दिशा त्यांची. मूळ गिऱ्हाइकाने बेत बदलला तर तुमची फेरीही रद्द. लग्नाला जाणाऱ्याने हिच्यावर विसंबू नये.

लग्नावरून आठवले. मार्च 2024 मध्ये जामनगरला अंबानी कुटुंबाच्या विवाहपूर्व सोहळ्यासाठी जगभरातून पाहुणे आले. एरवी दिवसाला मोजकी विमाने पाहणाऱ्या त्या हवाई दलाच्या विमानतळाला दहा दिवसांसाठी आंतरराष्ट्रीय दर्जा देऊन कस्टम्स, इमिग्रेशन आणि क्वारंटाइनची व्यवस्था उभी करण्यात आली. एका घरच्या सोहळ्यासाठी सार्वजनिक यंत्रणा एवढी लवचीक होत असेल, तर ती इतरांच्या निकडीलाही व्हावी, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

दिल्लीला सप्टेंबर 2020 पासून खासगी विमानांचे स्वतंत्र, ऐसपैस टर्मिनल आहे. नवी मुंबईच्या विमानतळाच्या आराखड्यातही अशा विमानांसाठी मोठी जागा राखली आहे. ती वापरात येईपर्यंत कालिन्याचे दार अरुंदच राहणार.

वजन सांगा, खरे सांगा

चार्टर ठरवताना ऑपरेटर प्रत्येकाचे वजन विचारतो. अनेकांना राग येतो, काही जण पाच-सात किलो कमी सांगतात. मोठ्या विमानात ते खपून जाते. किंग एअरसारख्या सहा-सात आसनी विमानात खपत नाही. या आकाराच्या विमानात सगळ्या सीटा भरल्या तर टाकी पूर्ण भरता येत नाही, आणि टाकी पूर्ण भरली तर सगळ्या सीटा भरता येत नाहीत. कोण कुठे बसणार आणि बॅगा कुठे ठेवायच्या हे वैमानिक वजनाचा तोल पाहून ठरवतो. किंग एअरमध्ये सामानाची जागा मागच्या सीटांच्या पाठीशी असते आणि तिथे बॅगा प्रवाशांच्याच दारातून न्याव्या लागतात. कडक कवचाच्या मोठ्या सुटकेसा तिथे बसत नाहीत. कापडी, दाबता येणाऱ्या पिशव्या बसतात. उभे राहता येईल एवढी उंची केबिनमध्ये नसते. स्वच्छतागृह म्हणजे बहुधा पडद्याआडची एक सीट. जाहिरातीत दिसणारे पांढऱ्या चामड्याचे दिवाणखाने मोठ्या जेटमध्ये असतात. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी जाणारा माणूस बहुतेक वेळा गुडघे आखडूनच बसतो.

वजनाचा हा हिशेब सगळ्यांत काटेकोर पाहायचा असेल तर जुहूला जावे. 1928 सालचा हा विमानतळ. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते. आता इथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात, आणि त्यांतले नेमाने जाणारे प्रवासी म्हणजे समुद्रातल्या तेलफलाटांवर कामाला जाणारी माणसे. तेही चार्टरच, फक्त त्याला कोणी तसे म्हणत नाही. माणसाचे वजन होते, बॅगेचे वजन होते, अंगावर लाइफ जॅकेट चढते. हेलिकॉप्टर पाण्यात पडले तर बुडत्या केबिनमधून बाहेर कसे यायचे, याचे प्रशिक्षण या माणसांनी आधीच घेतलेले असते. सुरक्षेची सूचना चालू असताना इथे कोणी मोबाइलमध्ये पाहत नाही.

दुसरे टोक

कालिन्याहून उडालेले विमान उतरते कुठे? पुणे, नागपूर, नाशिक असेल तर प्रश्न नाही. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे, त्यामुळे तिथे हवाई दलाच्या वेळा पाळाव्या लागतात. पण चार्टर घ्यायचे मुख्य कारणच असे असते की जायचे त्या गावाला वेळापत्रकाचे विमान नाही किंवा आठवड्यातून मोजकेच आहे. धुळे, कराड, लातूर अशा पट्ट्यांची उपयुक्तता त्यात आहे.

अनेक जिल्ह्यांच्या पट्ट्यांवर टर्मिनल म्हणजे दोन-तीन खोल्या. सोफे नाहीत, कॉफी नाही. विमान येणार असले की नगरपालिकेचा अग्निशमन बंब, रुग्णवाहिका आणि पोलीस बोलवावे लागतात. उतरण्याआधी कोणीतरी पट्टीवर चक्कर मारून कुत्री आणि गुरे नाहीत ना ते पाहते. जिथे धावपट्टीला दिवे नाहीत तिथे सूर्यास्तानंतर उतरता किंवा उडता येत नाही. ढगांतून खाली आणणारी उपकरणे नसतील तर वैमानिकाला पट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. जुलैमधल्या पावसात किंवा जानेवारीच्या धुक्यात ती दिसत नाही.

निवडणुकीच्या दिवसांत यात भर पडते ती हेलिपॅडची. सभेच्या गावाबाहेर शेतात किंवा शाळेच्या मैदानावर चुन्याने गोल आखून त्यात ‘एच’ काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून धूर करतात. या दिवसांत चार्टर उड्डाणांची माहिती निवडणूक यंत्रणेला द्यावी लागते, विमानतळांवर प्राप्तिकर खात्याची पथके असतात आणि हेलिपॅडवर बॅगा उघडल्या जातात. नोव्हेंबर 2024 मध्ये वणीला उद्धव ठाकरे यांच्या बॅगेच्या तपासणीची चित्रफीत गाजली. मग पुढच्या काही दिवसांत इतर पक्षांच्या नेत्यांच्या बॅगा तपासल्याच्याही चित्रफिती आल्या. राजकारण बाजूला ठेवून सांगायचे तर, हेलिपॅडवर बॅग तपासली जाणे ही त्या काळातली रीतसर गोष्ट आहे आणि ती सर्वांची व्हावी.

स्ट्रेचर

कालिन्याच्या दाराने जाणाऱ्या गाड्यांपैकी ज्या एका गाडीकडे फोटोग्राफर पाहत नाहीत ती रुग्णवाहिका. सामान्य घरातल्या माणसाचा चार्टर विमानाशी संबंध आलाच तर तो बहुधा असाच येतो. घरातले कोणीतरी व्हेंटिलेटरवर असते, गावातले डॉक्टर मुंबईला, हैदराबादला किंवा चेन्नईला हलवा म्हणतात, आणि रात्री अकरा वाजता मुलगा फोनवर एअर अॅम्ब्युलन्स शोधू लागतो.

तेव्हा काय होते ते आधीच ठाऊक असावे. सीटा काढून स्ट्रेचर, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर आणि मॉनिटर बसवलेले विमान बहुधा दुसऱ्या शहरातून येते, म्हणून येतानाच्या फेरीचेही पैसे पडतात. डॉक्टर आणि सहायक सोबत असतात. नातेवाइकांपैकी एकाला, फार तर दोघांना जागा मिळते. रुग्ण प्रवास करू शकेल असा डॉक्टरांचा दाखला, केसपेपर, रुग्णाचे आणि सोबत येणाऱ्याचे ओळखपत्र एवढे हाताशी ठेवावे. रुग्णवाहिकेला मात्र तपासणीनंतर थेट विमानापर्यंत नेतात. तिथले सर्वांत अवघड काम म्हणजे अरुंद दारातून स्ट्रेचर तिरके करून आत घेणे. चार-सहा माणसे, नळ्या सांभाळणारा डॉक्टर आणि रोज हेच काम करणारे लोडर. त्यांच्या हाताचे कसब पाहण्यासारखे असते.

उंचावर गेल्यावर केबिनमधला हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा होतो. शरीरात अडकलेली हवा फुगते आणि ऑक्सिजन कमी पडतो. छातीला मार लागलेल्या किंवा फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाला हे घातक ठरू शकते. म्हणून विमानातल्या डॉक्टरने रुग्णालयातल्या डॉक्टरशी निघण्यापूर्वी बोलणे अत्यावश्यक आहे. आणि जिल्ह्याच्या पट्टीवर दिवे नसतील तर रात्री विमान तिथे येणारच नाही. रुग्णाला रस्त्याने मोठ्या विमानतळापर्यंत न्यावे लागते. यवतमाळहून नागपूर म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. हा वेळ हिशेबात धरूनच निर्णय घ्यायला हवा.

अवयवांची वाहतूकही याच दाराने होते. काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत धडधडायला लागावे लागते. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर इथल्या प्रत्यारोपण समन्वय केंद्रांनी नाव निश्चित केल्यापासून पोलिसांचा ग्रीन कॉरिडॉर, विमान आणि शस्त्रक्रियागृह हे सगळे एका घड्याळावर चालतात. जिल्ह्यांच्या पट्ट्यांवर रात्रीचे दिवे बसवायला दुसरे कुठलेही कारण नसते, तरी हे एक कारण मला पुरेसे वाटते.

कॅप्टनच्या मागची सीट

घाईचा विचार करत कालिन्यात बसले असताना एक गोष्ट सारखी मनात येत होती. मोठ्या विमान कंपनीत प्रवासी आणि वैमानिक यांच्यामध्ये बंद दरवाजा असतो आणि तिकीट काढणारा कॅप्टनला ओळखतही नाही. चार्टरमध्ये पैसे देणारा माणूस कॅप्टनच्या मागे हातभर अंतरावर बसतो. तो नाराज झाला तर उद्याचे गिऱ्हाईक जाते. तो उशिरा येतो आणि पोचायचे मात्र ठरल्या वेळीच असते.

यातून काय होऊ शकते याचा दाखला अमेरिकेतल्या अॅस्पेनचा आहे. 29 मार्च 2001 रोजी लॉस एंजेलिसहून पंधरा प्रवाशांना घेऊन निघालेले गल्फस्ट्रीम जेट डोंगरांतल्या त्या विमानतळाजवळ कोसळले. तीन कर्मचाऱ्यांसह सगळे अठरा जण गेले. प्रवासी उशिरा आल्याने विमान उशिरा निघाले होते. अंधारानंतर तिथे उतरायला बंदी होती आणि बर्फ पडत होते. एक प्रवासी कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसला होता. धावपट्टी दिसत नसताना वैमानिक ठरलेल्या उंचीच्या खाली उतरले, हे अपघाताचे कारण तपास यंत्रणेने नोंदवले. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत चार्टरच्या गिऱ्हाइकाकडून कॅप्टनवर आलेल्या दबावाचा उल्लेख त्या अहवालात स्पष्ट शब्दांत आहे.

आपल्याकडे 30 सप्टेंबर 2001 रोजी माधवराव शिंदे यांचे किंग एअर मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळले. मुंबईतच 14 सप्टेंबर 2023 रोजी विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट भर पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले आणि पेटले. आतले आठही जण वाचले. या दोन अपघातांत प्रवाशांचा दबाव होता असे मी म्हणत नाही. छोट्या विमानाला हवामान किती जवळून भिडते एवढेच त्यांतून दिसते. म्हणून ‘आज नको’ म्हणण्याचा वैमानिकाचा हक्क जपणे ही चार्टर घेणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. कायद्याने अंतिम निर्णय पायलट-इन-कमांडचाच असतो. तो विचारून बदलायचा नसतो, आणि पीएकडून विचारूनही नाही.

पैसे भरण्यापूर्वी

भारतात पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी विमानाच्या ऑपरेटरकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अनियमित सेवेचा परवाना लागतो. धंद्यात त्याला ‘एनएसओपी’ म्हणतात. खासगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देता येत नाही. तरी ‘ओळखीच्या उद्योगपतीचे विमान आहे, खर्चापुरते द्या’ असे सांगणारे दलाल भेटतात. त्या विमानात तुमचा विमा चालेल याची खात्री नाही, आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांवर व्यावसायिक वाहतुकीची देखरेखही नाही. दर स्वस्त दिसतो तो यामुळे.

तेव्हा कधी गरज पडलीच, विशेषतः रात्री-अपरात्री रुग्णासाठी, तर दलालाला आधी परवानाधारक ऑपरेटरचे नाव आणि विमानाचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो महासंचालनालयाच्या यादीत आहे का ते पाहा. वैमानिक दोन आहेत ना, रिकाम्या फेऱ्यांसह एकूण बिल किती, दुसऱ्या टोकाची पट्टी किती वाजेपर्यंत उघडी, हे लेखी मागा. वजन आणि सामान खरे सांगा. वेळेवर पोचा. आणि कॅप्टन नाही म्हणाला, तर त्याला पुन्हा विचारू नका.